थायरॉइडचा अतिरेक : औषधात खंड नको

मानेच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची अवटू अर्थात थायरॉइड ग्रंथी असते. तिचा स्राव प्रमाणाबाहेर वाढला की भूक असूनही वजन घटते, छातीत धडधडते, हात थरथरतात, उकाडा सोसवत नाही. ही लक्षणे पुष्कळदा मानसिक ताणाची समजली जातात आणि निदान लांबते. रक्ततपासणीत बहुधा टीएसएच कमी आणि टी-३, टी-४ वाढलेले आढळतात.

या विकाराचे प्रमुख कारण म्हणजे ‘ग्रेव्हज् डिसीज’. आयर्लंडमधील डॉ. रॉबर्ट ग्रेव्हज् यांनी १८३५ मध्ये त्याचे वर्णन केले. यात शरीराची प्रतिकारयंत्रणाच ग्रंथीला चेतवते. काहींचे डोळेही पुढे येतात. धूम्रपानाने हा त्रास बळावतो.

उपचारात कार्बिमॅझोलच्या गोळ्या साधारणतः १२ ते १८ महिने घ्याव्या लागतात. बरे वाटताच त्या परस्पर बंद केल्यास विकार उलटण्याची भीती असते. याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. ताप किंवा घसादुखी उद्भवल्यास गोळ्या थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे व रक्तातील पांढऱ्या पेशी तपासून घ्याव्यात. क्वचित त्या धोकादायक प्रमाणात घटतात. गर्भधारणेचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. विकार पुन्हा उद्भवल्यास किरणोत्सारी आयोडीन वा शस्त्रक्रिया हे पर्याय उरतात. त्यानंतर बहुतेकांना थायरॉक्सिनची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते.