टेकडी आणि धावपट्टी

नागाव हे अष्टागरातले गाव. शेजारच्या चौल बंदरातून पूर्वी अरबस्तान-इराणपर्यंत माल जाई. परमुलुखाशी व्यापार म्हणजे गलबत, असे तेव्हा समीकरणच होते. आज तो मान विमानाकडे गेला. आपल्याच जिल्ह्यात, पनवेलजवळ, नवी मुंबई विमानतळावरून 25 डिसेंबर 2025 पासून उड्डाणे सुरू झाली.

पण श्रोतेहो, त्या धावपट्टीशेजारी उलव्याची नव्वदेक मीटर उंच टेकडी होती. ती सुरुंगांनी फोडली, तिच्या दगडमातीने खाजण भरले, नदीचे पात्र वळविले, दहा गावे उठविली. डोंगर हलला की पाणी वाट बदलते, हे आम्हां वाडीवाल्यांस निराळे सांगावयास नको.

पर्यावरणाची परवानगी 2010 ची. इतिहास मात्र त्याहून जुना आहे. नव्या मुंबईसाठी 1970 नंतर जमिनी घेतल्या गेल्या. जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात शेतकरी उभे राहिले. गोळीबारात पाच जण हुतात्मे झाले. त्यातूनच साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. पुढे विमानतळग्रस्तांसाठी साडेबावीस टक्के ठरले. सरकारी कागदांत ही सवलत वाटते. आम्ही तिला सवलत म्हणत नाही.