एंजिनाचा दोष आणि कारखानदाराचें उत्तरदायित्व

घाटाच्या चढणीवर एखादी मोटार बंद पडून राहिलेली आपण पुष्कळदां पाहिली असेल. पुढचें झांकण उघडें असतें, मालक रुमालानें घाम पुशीत उभा असतो, आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण क्षणभर थांबून आपलें निदान सांगून जातो. कोणी पेट्रोलाला दोष देतो, कोणी तेलाला, तर कोणी मालकाच्या हांकण्याला. एका गोष्टीचा उच्चार मात्र क्वचितच होतो. ज्या कारखान्यांत हें यंत्र जन्मास आलें, तेथेंच कांहीं चुकलें असेल काय? आणि चुकलें असेल, तर त्याचा जाब कोणी कोणास विचारावयाचा?

बैल विकत घेतांना त्याचे दांत पाहतां येतात, त्याला चार पावलें चालवून पाहतां येतें. परंतु एंजिनाच्या पोटांत काय आहे, हें विकत घेणाऱ्यास दिसत नाहीं, आणि दिसलें तरी कळत नाहीं. त्याला विश्वासावरच व्यवहार करावा लागतो. या विश्वासाला कायद्याचा आधार कसकसा मिळत गेला, त्याची हकीकत आज मी थोडक्यांत सांगणार आहें. त्यासाठीं मीं मुख्यतः एकाच घराण्याचीं प्रकरणें निवडलीं आहेत. तें घराणें म्हणजे १९०८ सालीं अमेरिकेंत स्थापन झालेली जनरल मोटर्स कंपनी. मुंबईकरांस हें नांव परकें नाहीं. १९२८ सालीं या कंपनीनें शिवडी येथें मोटारी जुळविण्याचा कारखाना काढला आणि तो १९५४ पर्यंत चालला. पुढें पुण्याजवळ तळेगांव येथें तिचा दुसरा कारखाना २००८ पासून २०२० पर्यंत चालू होता. एकाच घराण्याचा इतिहास पाहिला म्हणजे माणसें बदललीं, काळ बदलला, तरी मूळ प्रश्न कसा तोच राहतो, हें स्पष्ट दिसतें.

पहिलें प्रकरण एंजिनाचें नव्हे, चाकाचें आहे. परंतु एंजिनाच्या दोषाचीही दाद मागण्याची वाट त्यानेंच मोकळी केली. न्यूयॉर्क राज्यांत मॅकफर्सन नांवाचा एक पाथरवट होता. त्यानें स्केनेक्टडी गांवच्या एका विक्रेत्याकडून ब्यूइक मोटार घेतली. ब्यूइक ही जनरल मोटर्सचीच शाखा. १९११ सालीं मोटार चालवीत असतां तिच्या एका चाकाचे लांकडी आरे मोडले, मोटार कोसळली आणि मॅकफर्सन जखमी झाला. त्यानें कारखान्यावर दावा लावला.

कारखान्याचें उत्तर ऐकण्यासारखें आहे. चाक आम्हीं केलेलें नाहीं, तें दुसऱ्या नामांकित कारखान्याकडून आणलें. त्या कारखान्यानें आम्हांस ऐंशी हजार चाकें पुरविलीं, त्यांपैकीं एकाचेंही लांकूड यापूर्वीं वाईट निघालें नव्हतें. शिवाय मोटार आम्हीं मॅकफर्सनला विकलीच नाहीं, विक्रेत्याला विकली. मग याच्याशीं आमचा करार तो कोणता?

हा शेवटचा मुद्दा दुबळा नव्हता. १८४२ सालीं इंग्लंडांत टपालाची घोडागाडी मोडून तिचा सारथी जखमी झाला, तेव्हां न्यायाधीशांनीं असें ठरविलें होतें कीं, गाडी सुस्थितींत ठेवण्याचा करार टपालखात्याशीं झालेला असल्यामुळें सारथ्याला दाद मागतां येत नाहीं. या नियमाला एक अपवाद हळूहळू रूढ झाला होता. १८५२ सालीं न्यूयॉर्क येथें एका औषध तयार करणाऱ्यानें बेलाडोना हें विष साध्या औषधाची चिठ्ठी लावून विकलें होतें. त्या खटल्यांत, विषासारख्या जात्याच घातक वस्तूच्या बाबतींत कराराचा संबंध पाहूं नये, असें ठरलें. मग मोटार ही विषासारखी मानावयाची कीं घोडागाडीसारखी? कायद्यापुढें प्रश्न उभा राहिला तो हा.

१४ मार्च १९१६ रोजीं न्यूयॉर्कच्या वरिष्ठ न्यायालयानें निकाल दिला. तो न्यायमूर्ति बेंजामिन कार्डोझो यांनीं लिहिला. त्यांचें म्हणणें सरळ होतें. जी वस्तु निष्काळजीपणें बनविली असतां माणसाच्या जिवावर बेतेल, ती वस्तु धोक्याचीच होय. ही मोटार ताशीं पन्नास मैल धांवण्यासाठीं बनविलेली आहे आणि तींत तिघांनीं बसावयाचें आहे, हें कारखान्यास ठाऊक होतें. विक्रेता ती स्वतः वापरणार नाहीं, हेंही त्याला ठाऊक होतें. असें असतां जो मोटारींत बसणारच नाहीं, नेमक्या त्यालाच कायद्याचें संरक्षण, आणि जो बसणार त्याला मात्र कांहींच नाहीं, हा कसला न्याय? चाक दुसऱ्याकडून आणलें, म्हणून तें तपासण्याचें कर्तव्य कारखान्याला टळत नाहीं. निकाल मॅकफर्सनच्या बाजूनें झाला. घोडागाडीच्या काळचा नियम मोटारीच्या काळास लावतां येत नाहीं, हें न्यायासनानें मान्य केलें.

दुसरें प्रकरण मात्र खास एंजिनाचें आहे. चार्लस केटरिंग हा जनरल मोटर्सचा थोर संशोधक. हातानें दांडा न फिरवितां विजेनें मोटार सुरू करण्याची युक्ति, जी १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत प्रथम बसविली गेली, ती याचीच. पाण्याऐवजीं वाऱ्यानें थंड होणारें एंजिन करावें, असें त्याच्या मनानें घेतलें. लोखंडापेक्षां तांबें उष्णता पुष्कळच लवकर वाहून नेतें. म्हणून एंजिनाच्या नळकांड्यांभोंवतीं तांब्याचीं पातळ पातीं बसवावयाचीं आणि पंख्यानें त्यांवर वारा खेळवावयाचा. मग पाण्याची टांकी नको, नळ्या नकोत, हिंवाळ्यांत पाणी गोठण्याची भीतिही नको. कल्पना खरोखर मोठी मोहक होती, आणि कंपनीचे अध्यक्ष पिएर द्यू पाँ यांचा तिला भक्कम पाठिंबा होता. उलट, ज्या शाखांनीं हें एंजिन प्रत्यक्ष बनवावयाचें होतें, त्यांना चांचणीचे निष्कर्ष समाधानकारक वाटत नव्हते. वरून घाई आणि खालून शंका, अशा ओढाताणींत दोन वर्षें गेलीं.

जानेवारी १९२३ मध्यें न्यूयॉर्कच्या प्रदर्शनांत हें एंजिन बसविलेली शेव्हरोले मोटार मांडली गेली. लोकांनीं तिचें मोठें कौतुक केलें. परंतु रस्त्यावर आल्यावर तिचीं दुखणीं बाहेर पडूं लागलीं. एंजिन तापलें कीं त्याची शक्ति घटे, इंधन अवेळीं पेट घेई आणि आवाजही फार होई. अशा एकूण ७५९ मोटारी तयार झाल्या होत्या. त्यांपैकीं २३९ कारखान्यांतच मोडींत निघाल्या. उरलेल्यांपैकीं सुमारें शंभरच प्रत्यक्ष गिऱ्हाइकांच्या हातीं पोहोंचल्या होत्या. जून १९२३ मध्यें कंपनीनें त्या सर्वच्या सर्व परत बोलाविल्या. केटरिंगनें उद्विग्न होऊन राजीनामा देऊं केला. नवे अध्यक्ष आल्फ्रेड स्लोन यांनीं त्याची समजूत घालून त्याला ठेवून घेतलें.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या वेळीं मोटारी परत घेण्याची सक्ति करणारा कायदा अमेरिकेंत नव्हता. कंपनीनें हें आपण होऊन केलें. त्यांत सचोटी होती, तसा हिशेबही होता. शंभर मोटारी परत घेण्याचा खर्च थोडा, आणि वाईट एंजिन विकल्याची अपकीर्ति मोठी. सचोटी आणि हिशेब एकाच दिशेनें चालले, म्हणून काम सोपें झालें. ते परस्परविरुद्ध दिशांनीं चालूं लागले म्हणजे काय होतें, तें पुढें दिसलें.

कायदा मध्यंतरीं आणखी एक पाऊल पुढें गेला होता. अमेरिकेंतील मोटार-कारखानदारांच्या संघानें सर्वांसाठीं एकच हमीपत्र ठरविलें होतें. नव्वद दिवस अथवा चार हजार मैल, यांतील जी मर्यादा आधीं भरेल तोंपर्यंत सदोष भाग बदलून मिळेल. परंतु तो भाग गिऱ्हाइकानें स्वखर्चानें कारखान्यास पाठवावयाचा, आणि तो सदोष आहे कीं नाहीं हें कारखान्यानेंच ठरवावयाचें. बाकी कसलीही जबाबदारी आमच्यावर नाहीं, असें खालीं बारीक अक्षरांत छापलेलें असे. म्हणजे आरोपी तोच आणि न्यायाधीशही तोच! १९६० सालीं न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयानें, एका दुसऱ्या कंपनीच्या मोटारीच्या खटल्यांत, हा कागद निरुपयोगी ठरविला. सगळेच कारखानदार एकच अट घालीत असतील, तर गिऱ्हाइकाची सही ही खरी संमति नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ होता.

तिसरें प्रकरण १९६५ सालचें. वाऱ्यानें थंड होणारें एंजिन जनरल मोटर्सनें १९६० च्या कॉर्व्हेअर मोटारींत पुन्हां आणलें, आणि या वेळीं तें मोटारीच्या पाठीमागें बसविलें. तक्रार एंजिनाबद्दल नव्हती, मागील चाकांच्या बांधणीबद्दल होती. वळणावर मोटार चालकाच्या ताब्यांतून सुटते, असें लोक सांगूं लागले. राल्फ नेडर नांवाच्या तरुण वकिलानें आपल्या पुस्तकाचें पहिलें प्रकरण याच मोटारीवर लिहिलें. आतां मोटारी शंभर नव्हत्या, लाखों होत्या. कंपनीनें काय केलें? नेडर यांच्या खाजगी आयुष्यांत कांहीं वावगें सांपडतें काय, हें पाहण्यासाठीं त्यांच्यामागें गुप्त हेर लागले! ही गोष्ट उघडकीस आली आणि मार्च १९६६ मध्यें कंपनीचे अध्यक्ष जेम्स रोश यांना सिनेटच्या समितीपुढें जाहीर क्षमा मागावी लागली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मोटारींच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय कायदा झाला.

न्यायबुद्धीनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, १९७२ सालीं सरकारी तपासणीचा जो अहवाल आला त्यांत, कॉर्व्हेअर तिच्या काळच्या तशाच इतर मोटारींहून अधिक धोक्याची नव्हती, असें म्हटलें होतें. परंतु त्यामुळें कायद्याची गरज खोटी ठरत नाहीं. तक्रारीची निःपक्षपाती तपासणी करणारें कोणी तरी असावयास हवें, हाच तर मुद्दा होता. तपासणी झाली, म्हणूनच कंपनीच्याही बाजूनें चार शब्द लिहिले गेले.

चौथें प्रकरण अगदीं अलीकडचें, आणि सर्वांत दुःखदायक. शेव्हरोले कोबाल्ट आणि त्या वर्गांतील इतर मोटारींत किल्ली फिरवून एंजिन चालू करण्याचा जो स्विच होता, तो फार सैल होता. किल्लीला जड जुडगा लोंबत असला, अथवा रस्त्यावर धक्का बसला, कीं किल्ली आपोआप मागें फिरे आणि धांवत्या मोटारीचें एंजिन बंद पडे. त्याबरोबर चाक वळविण्यास व ब्रेक दाबण्यास मिळणारें साहाय्य नाहींसें होई, आणि अपघाताच्या क्षणीं फुगून प्राण वांचविणारी हवेची उशीही निकामी होई. कारखान्यांतील कांहीं लोकांस हा दोष दहा वर्षांहून अधिक काळ ठाऊक होता. त्यांनीं तो ‘गैरसोय’ या सदरांत घातला, ‘धोका’ या सदरांत घातला नाहीं. पुढें स्विच सुधारला गेला, पण त्याचा क्रमांक मात्र जुनाच ठेवला गेला. त्यामुळें सुधारणा झाली आहे हेंच कोणास कळेना. जॉर्जिया राज्यांतील एका मृत तरुणीच्या आईबापांनीं दावा लावला. त्यांच्या वतीनें नेमलेल्या तज्ज्ञानें जुना व नवा स्विच शेजारीं ठेवून पाहिला, तेव्हां हा फरक उघडा पडला. २०१४ सालीं सुमारें सव्वीस लाख मोटारी परत बोलाविल्या गेल्या. कंपनीच्याच भरपाई-निधीनें १२४ मृत्यूंची भरपाई मान्य केली, आणि २०१५ सालीं कंपनीनें सरकारकडे नव्वद कोटि डॉलर भरण्याचें कबूल केलें.

आतां आपल्या घराकडे वळूं. जुलै २०१३ मध्यें याच घराण्याच्या भारतीय शाखेनें शेव्हरोले टवेरा जातीच्या सुमारें १ लाख १४ हजार मोटारी परत बोलाविल्या. एंजिनांतून बाहेर पडणाऱ्या धुराच्या चांचणींत गैरप्रकार झाल्याचें कंपनीनें स्वतःच कबूल केलें होतें. त्या वेळीं सरकारास मोटारी परत बोलाविण्याचा स्पष्ट अधिकार आपल्या मोटार कायद्यांत नव्हता. तो २०१९ च्या दुरुस्तीनें आला. दोषामुळें चालकाला, आंत बसणाऱ्यांना, रस्त्यावरील इतरांना अथवा हवापाण्याला अपाय होत असेल, तर केंद्रसरकार त्या जातीच्या मोटारी परत घेण्याचा हुकूम देऊं शकतें. १९८६ च्या ग्राहकसंरक्षण कायद्याची जागा घेणारा नवा कायदाही २०१९ सालचाच. सदोष वस्तूमुळें झालेल्या हानीबद्दल निर्मात्यास थेट जबाबदार धरण्याची तरतूद त्यांत आहे. मॅकफर्सनला जें न्यायालयांत झगडून मिळवावें लागलें, तें आपल्याला आज कायद्याच्या पुस्तकांत लिहून मिळालें आहे.

परंतु श्रोतेहो, कायदा पुस्तकांत असणें निराळें आणि कामास येणें निराळें. मोटारी परत बोलाविण्याचा हुकूम कोणत्या आधारावर निघतो? कायद्यानें सांगितलेल्या आधारांपैकीं एक आहे मालकांच्या तक्रारी, आणि त्याही ठराविक प्रमाणांत आल्या पाहिजेत. आपण काय करतों? मोटार बंद पडली कीं मिस्त्रीकडे नेतों, पैसे मोजतों, नशिबाला बोल लावतों आणि घरीं येतों. शेजारच्या आळींतील गृहस्थही तेंच करतो. दोघांचा दोष एकच असतो, पण तो दोघांनाही आपापल्या दैवाचा भाग वाटतो. कोबाल्टच्या मालकांचें असेंच झालें. एकेकट्याची तक्रार गैरसोय ठरली, आणि तिचें खरें नांव पुढें येईपर्यंत स्मशानें भरलीं.

म्हणून सांगणें एवढेंच. दुरुस्तीची प्रत्येक पावती जपून ठेवा. दोष कोणत्या दिवशीं, किती मैलांवर, कशा रीतीनें दिसला, तें टिपून ठेवा. तक्रार तोंडी न करतां लेखी करा, कारखान्यास पाठवा आणि सरकारी खात्यासही पाठवा. आपल्या मोटारीपुरती ती कदाचित् व्यर्थ जाईल. पण ज्या अनोळखी माणसाची मोटार पुढच्या महिन्यांत त्याच घाटांत, त्याच वळणावर बंद पडणार आहे, त्याच्यासाठीं ती व्यर्थ जाणार नाहीं.