विजेची उघडझाप

लढाई हरलेला राजा पुन्हा गादीवर आला, अशी उदाहरणे इतिहासात फार नाहीत. हुमायून १५४० साली राज्य गमावून बसला आणि १५५५ साली दिल्लीस परत आला. पंधरा वर्षांच्या वनवासावर त्याचे भागले. मी ज्या पराभूताची कहाणी सांगणार आहे, त्याचा वनवास याहून पुष्कळ मोठा, जवळजवळ शंभर वर्षांचा. शिवाय तो परत आला तो हत्तीवरून, वाजतगाजत नव्हे. कोणाला फारसा पत्ता लागू न देता तो आपल्या खिशात, दिवाणखान्यात आणि आकाशकंदिलातही येऊन बसला आहे. या पराभूताचे नाव डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज.

पराभवाची हकीकत थोडक्यात सांगतो. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील आपले वीजघर सुरू केले. तेथून निघणारी वीज डीसी होती आणि तिचा दाब सुमारे ११० व्होल्ट होता. घरातल्या दिव्याला हा दाब सोयीचा, पण रस्त्यावरच्या तारेला तो महाग पडे. तारेत उष्णता होऊन वाया जाणारी वीज प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तेवढीच शक्ती दहापट दाबाने धाडली, तर प्रवाह एक-दशांश पुरतो आणि नासाडी एक-शतांशावर येते. तेव्हा वाटेत दाब मोठा असावा आणि घराच्या उंबरठ्याशी तो लहान व्हावा, हे उत्तम. एडिसनच्या विजेला नेमके हेच जमेना. वीजघरापासून मैल-दीड मैलापलीकडे दिवा लावणे परवडत नसे.

उलटसुलट वाहणाऱ्या विजेला, म्हणजे एसीला, ही कला साधली. लोखंडी गाभ्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली, की एकातला बदलता प्रवाह दुसऱ्यात वीज उत्पन्न करतो आणि दोहोंच्या फेऱ्यांच्या प्रमाणात दाब चढतो किंवा उतरतो. हेच रोहित्र, खेड्यातली माणसे ज्याला ‘डीपी’ म्हणतात ते. १८८५ साली बुडापेस्टच्या झिपेरनोव्स्की, ब्लाथी आणि डेरी या तिघा इंजिनिअरांनी त्याला व्यवहारी रूप दिले. परंतु वेटोळ्यातला प्रवाह बदलत असला तरच शेजारच्या वेटोळ्यात वीज उपजते, हा फॅरडेचा १८३१ सालचा शोध. डीसी बदलतच नाही. ती रोहित्राला जोडली तर वेटोळे तापते, पलीकडे काही पोचत नाही. १८९६ साली नायगाराची वीज बफेलो शहरास एसीच्या रूपाने पोचली आणि लढाईचा निकाल लागला. न्यूयॉर्कमध्ये काही जुन्या गिऱ्हाइकांसाठी डीसी चालू राहिली. तिची अखेरची जोडणी १४ नोव्हेंबर २००७ रोजी तोडण्यात आली.

तथापि पराभूताला एक जहागीर उरली होती, आणि ती आपल्या मुंबईतही होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही हिंदुस्थानातली पहिली विजेची आगगाडी धावली. जी. आय. पी. रेल्वेच्या त्या गाडीला १५०० व्होल्टची डीसी पुरवली जात असे. डीसीची मोटर उभ्या गाडीला हलवताना जोर फार लावते, म्हणून रेल्वेवाल्यांचे तिच्यावर प्रेम. मात्र उभ्या मोटरीला पुरा दाब दिला तर प्रवाह इतका उसळतो, की मोटर जळून जावी. म्हणून वाटेत लोखंडाचे मोठाले रोधक घालायचे आणि गाडी वेग घेईल तसतसा एकेक टप्पा काढून टाकायचा, अशी रीत होती. मी त्या जुन्या लोकलगाड्यांतून वर्षानुवर्षे प्रवास केला आहे. सुटताना बसणारे ते हलके हिसके म्हणजे रोधकांचा एकेक टप्पा सुटत असल्याची खूण होती.

आता या रीतीचा हिशेब पाहा. नुसत्या रोधकांनी गाडी सुरू केली, तर वेग घेताना निम्मी वीज रोधकांत उष्णता होऊन जाते. मोटारी आधी एकीमागे एक आणि मग शेजारी शेजारी जोडण्याची युक्ती केली, तरी एक-तृतीयांश जातेच. लोकल तर दर दोन-चार मिनिटांनी थांबते आणि पुन्हा सुटते. दर वेळी डब्याखालच्या त्या पेट्या तापत आणि ऊन हवा रुळांवर सोडत. दाब उतरवण्याचा हा मार्ग म्हणजे अडवण्याचा मार्ग. पोत्यातले निम्मे धान्य वाटेत सांडून त्याचे ओझे हलके करावे, त्यातलाच हा प्रकार.

दुसरा मार्ग होता यंत्रांचा. डीसीवर चालणारी मोटर घ्यावी, तिच्या आसाला वेगळ्या दाबाचे जनित्र जोडावे आणि एका विजेने दुसरी वीज दळून काढावी. रेने थ्यूरी या स्विस इंजिनिअराने हा मार्ग फार लांबवर नेला. १९०६ साली फ्रान्समध्ये मूतिये ते ल्यों अशी जवळजवळ दोनशे किलोमीटरची डीसीची वाहिनी त्याच्या पद्धतीने सुरू झाली. ल्यों येथे उच्च दाबाच्या मोटारी जनित्रे फिरवून वापरण्याजोगी वीज काढत. ही व्यवस्था १९३६ पर्यंत चालली. पण फिरत्या यंत्राला तेल हवे, ब्रश हवेत, देखरेखीला माणूस हवा. घरोघरी असे यंत्र कोण ठेवणार?

तिसरा मार्ग सर्वांत जुना होता. पण तो राजमार्ग आहे, हे पुष्कळ काळ कोणाला उमगले नाही. आयर्लंडातील मेनूथ येथे निकोलस कॅलन नावाचे एक धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवत. १८३६ साली त्यांनी वेटोळ्यातली बॅटरीची वीज तोडून भलता मोठा दाब उत्पन्न केला. घरातला नळ एकदम बंद केला की पाइपात ‘ठक्’ असा आवाज होतो, हे आपण ऐकतोच. वाहत्या पाण्याला थांबायचे नसते, म्हणून ते पाइपाला धक्का देते. वेटोळ्यातल्या प्रवाहाचेही तसेच. त्याची वाट एकाएकी तोडली, की तो पुढे जाण्यासाठी वाटेल तेवढा दाब उभा करतो. पेट्रोलच्या मोटारीत बारा व्होल्टच्या बॅटरीपासून हजारो व्होल्टची ठिणगी निघते, ती याच न्यायाने.

माझ्या लहानपणी वडिलांच्या एका स्नेह्यांच्या मोटारीत रेडिओ होता. तो लावला, की गाण्याआधी भुंग्यासारखी गुणगुण ऐकू येई. त्या रेडिओतल्या काचेच्या व्हॉल्व्हना दोनएकशे व्होल्ट लागत आणि मोटारीची बॅटरी तर तुटपुंज्या दाबाची. म्हणून एका डबीत पोलादाची थरथरती पट्टी बसवलेली असे. ती सेकंदाला शंभराच्या आसपास वेळा वीज जोडी आणि तोडी. तुकडे झालेली वीज बदलती झाली, मग ती रोहित्रातून चढवता आली आणि चढल्यावर पुन्हा एकमार्गी करता आली. शत्रूचेच शस्त्र डीसीने असे आपल्या हाती घेतले होते! परंतु पट्टीची टोके ठिणग्यांनी जळत आणि काही काळाने डबी बदलावी लागे.

न झिजणारी पट्टी मिळाली ती अर्धवाहकांच्या रूपाने. डिसेंबर १९४७ मध्ये ट्रान्झिस्टर जन्मला, आणि १९५७ साली मोठे प्रवाह हाताळणारा थायरिस्टर आला. आता वीज सेकंदाला हजारो वेळा तोडता येऊ लागली. यात बचत कोठून होते, ते सांगतो. वाया जाणारी शक्ती म्हणजे दाब आणि प्रवाह यांचा गुणाकार. दार पूर्ण बंद असेल तेव्हा त्यावर दाब असतो, पण प्रवाह नसतो. पूर्ण उघडे असेल तेव्हा प्रवाह असतो, पण दाब नसतो. दोन्ही वेळा गुणाकार शून्याजवळ! नासाडी होते ती दार अर्धवट उघडे ठेवण्यात, आणि रोधक म्हणजे कायमचे अर्धवट दार.

समजा, बारा व्होल्टपासून पाच हवे आहेत. मग शंभरातले सुमारे बेचाळीस क्षण दार उघडे ठेवावे आणि बाकीचे बंद. मधले गचके वेटोळे आणि कंडेन्सर गिळून टाकतात. शिवणयंत्राच्या पायट्याला पाय राहून राहून रेटा देतो, तरी जड चाक एकसारखे फिरते, तसेच हे. दाब चढवायचा असेल तर वेटोळ्याला आधी बॅटरीवर भरून घ्यावे आणि मग तिच्याच पुढे जोडून रिकामे करावे. बॅटरीचा दाब अधिक वेटोळ्याचा दाब, अशी बेरीज मिळते. जितक्या वेळा जास्त उघडझाप, तितके वेटोळे लहान पुरते. टोपली लहान असली तरी खेपा पुष्कळ केल्या, की धान्य तेवढेच हलते. १९७७ साली ॲपल-२ या संगणकात रॉड हॉल्ट यांनी असाच वीजपुरवठा बसवला आणि जड रोहित्र व पंखा या दोहोंना रजा मिळाली. त्याच सुमारास टोकियोच्या भुयारी रेल्वेतल्या नव्या गाड्या रोधकांऐवजी ‘चॉपर’वर धावत होत्या.

येथवर गोष्ट सुखाची. पण दार किती क्षण उघडावे, हे ठरवणारा द्वारपाल हवा. बॅटरी उतरते, भार वाढतो, तरी बाहेरचा दाब हलता कामा नये. आणि हा द्वारपाल इंजिनिअरांना दाद देईना. जमलेले मंडल मध्येच डोलू लागे. अडचण अशी, की दार उघडे असताना मंडल एक असते आणि बंद असताना दुसरेच. गणित कोणाचे मांडायचे? कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील आर. डी. मिडलब्रूक आणि त्यांचे शिष्य स्लोबोदान चूक यांनी १९७६ साली याचे उत्तर दिले. दोन्ही मंडलांची समीकरणे मांडावी, ज्याला जितका वेळ मिळतो तितके त्याला वजन द्यावे आणि सरासरी काढावी. मग उघडझाप दृष्टीआड होते आणि मंडलाचा मूळ स्वभाव दिसू लागतो. ही पद्धत आज आपल्याकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतही शिकवतात.

तो स्वभाव मोठा मौजेचा निघाला. दाब चढवणाऱ्या मंडलाकडे जास्त मागितले, तर ते आधी कमी देते! जास्त देण्यासाठी वेटोळे जास्त वेळ भरावे लागते, आणि भरत असताना ते भाराला काहीच देत नाही. शेतकरी पुढच्या पिकासाठी कणगीतले धान्य पेरायला काढतो, तेव्हा कणगी आधी उतरते, तसेच. उतावळ्या द्वारपालाला वाटते, दाब पडला. तो आणखी पेरायला काढतो, दाब आणखी पडतो आणि अखेर दार उघडेच राहून सारा संसार बुडतो. उपाय एकच: द्वारपालाने कणगी पुन्हा भरेपर्यंत धीर धरायचा. दुसरी खोड याहून अजब. बाहेरचा दाब कायम राखणाऱ्या मंडलाला आतून कमी दाब मिळाला, तर ते जास्त प्रवाह ओढते. घरात टंचाई आली, की जास्त जेवणारा हा पाहुणा! पुरवठा आधीच लेचापेचा असेल, तर या पाहुण्याने तो डोलू लागतो. त्याला घरात घेण्याआधी काय तपासावे, याचा नियमही मिडलब्रूक यांनी १९७६ सालीच सांगितला.

ही केवळ कागदावरची करमणूक नव्हती. उपग्रह उन्हातून सावलीत जातो, सावलीतून उन्हात येतो. त्याच्या बॅटरीची आणि सौरपत्र्यांची वीज सतत चढते-उतरते, आणि दुरुस्तीला तेथे कोणी जाऊ शकत नाही. १९ एप्रिल १९७५ रोजी आपला आर्यभट अवकाशात गेला, तेव्हा साऱ्या देशाची मान उंचावली. त्यावरचे वैज्ञानिक प्रयोग मात्र चार-पाच दिवसांतच थांबवावे लागले, कारण वीजपुरवठ्यात बिघाड झाला. उपकरणे निरोगी असली तरी त्यांना घास भरवणारा हात थांबला, की सारे थांबते.

आज तो हात सर्वत्र आहे. लॅपटॉपच्या बॅटरीतले दहा-बारा व्होल्ट उतरवून आतल्या प्रोसेसरला एकाच्या आसपास व्होल्ट द्यावे लागतात, तेही दहा-वीस अँपिअर प्रवाहासकट. दार तेथे सेकंदाला लाखो वेळा उघडते. विजेवरच्या मोटारीत तेच काम चालते. रानात सौर पंप बसले आहेत, त्यांच्या पेटीतला द्वारपाल ऊन पाहून पत्र्यांकडून जास्तीत जास्त शक्ती काढून घेतो. चंद्रपूरची वीज तर १९९९ पासून साडेसातशे किलोमीटरवरच्या पडघ्यास पाच लाख व्होल्टच्या डीसीनेच येते. मैल-दीड मैलावर दमणारी ती हीच!

मुंबईच्या लोकलची डीसी मात्र गेली. पश्चिम रेल्वेवर २०१२ साली, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गावर २०१५ साली आणि हार्बर मार्गावर एप्रिल २०१६ मध्ये. आता वरच्या तारेत २५ हजार व्होल्टची एसी आहे. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, जहागीरही गेली. परंतु डब्याखाली पाहिले तर काय दिसते? तारेतली एसी उतरवून आधी तिची डीसी करतात, आणि मग उघडझाप करणारी अर्धवाहकांची दारे तिचे हवे तसे तुकडे करून मोटारींना पुरवतात. रोधकांच्या तापलेल्या पेट्या गेल्या. गाडी थांबताना मोटर जनित्र होते आणि वीज तारेत परत जाते.

मला या इतिहासात एका गोष्टीचे फार नवल वाटते. डीसीला नवे बळ कोणी दिले नाही. ती १८८२ साली होती तशीच आज आहे. कॅलनच्या वेटोळ्यातही तीच होती. माणूस तिला अडवायचे सोडून दार केव्हा उघडावे, केव्हा लावावे आणि मध्ये किती धीर धरावा, हे शिकला. तेवढ्यावर हरलेला राजा गादीवर आला.