पाण्यात मीठ टाकल्यावर ग्लासचा आवाज का बदलतो? नळाच्या दुधाळ पाण्याशी त्याचा काय संबंध?

काचेच्या उंच ग्लासात गरम पाणी घ्या. त्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा आणि ग्लासच्या तळावर चमच्याने टकटक करत राहा. आधी आवाज जाड येतो, मग हळूहळू चढत पुन्हा खणखणीत होतो. याला 'हॉट चॉकलेट इफेक्ट' म्हणतात. अमेरिकेतल्या बर्कलीचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रँक क्रॉफर्ड यांनी १९८२ मध्ये त्यावर शोधनिबंध लिहिला.

हे मिठामुळे होतं का?

थेट नाही. साध्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर वेगाने जातो. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात हा वेग जेमतेम २-३ टक्क्यांनी वाढतो.

खरी करामत बुडबुड्यांची. मिठाच्या कणांसोबत हवा आत जाते, शिवाय पाण्यात आधीच विरघळलेली हवाही बाहेर पडू लागते. पाण्यात फक्त १ टक्का हवेचे बारीक बुडबुडे असले, तरी आवाजाचा वेग १०० मीटरच्या आसपास येतो. वेग घटला की आवाजाची पट्टी उतरते. बुडबुडे निघून गेले की ती पुन्हा चढते.

नळाचं पाणी दुधाळ का दिसतं?

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरमध्ये पाणी ठरावीक वेळीच येतं. मधल्या काळात रिकाम्या पाइपांत हवा शिरते. पाणी सुटलं की दाबाखाली ती पाण्यात विरघळते आणि नळ उघडताच बुडबुड्यांच्या रूपात बाहेर येते. अशा पाण्याच्या ग्लासवर टकटक केली, तर तोच जाड आवाज ऐकू येऊ शकतो.

ओळखायचं कसं?

ग्लास पाच मिनिटं स्थिर ठेवा. पाणी तळाकडून वर स्वच्छ होत गेलं, तर ती हवा आहे, घाबरायचं कारण नाही. गाळ असेल तर तो खाली बसतो. पाणी गढूळच राहिलं, रंग दिसला किंवा वास आला, तर ते पिऊ नका, पाणीपुरवठा विभागाला कळवा.

मग आवाजावरून पाणी शुद्ध आहे का कळेल?

नाही. अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनीत कारखान्यांचं सांडपाणी मिसळत आलं आहे, हे इथल्या लोकांना ठाऊक आहे. अशी विरघळलेली रसायनं ग्लासच्या आवाजात कानाला जाणवेल असा फरक करतीलच असं नाही. आवाज बुडबुड्यांची खबर देतो, शुद्धतेची नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतली तपासणीच लागते.