देवराई ते कार्बन क्रेडिट : लोकाधारित वनसंवर्धनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

देहूच्या परिसरातील भंडारा, भामचंद्र आणि घोराडेश्वर हे डोंगर संत तुकाराम महाराजांच्या चिंतनाची स्थाने म्हणून वारकरी संप्रदायात पूज्य मानले जातात. देहूला वळसा घालणारी इंद्रायणी लोणावळ्याजवळील कुरवंडे परिसरात, सह्याद्रीच्या माथ्यावर उगम पावते. देहूचे डोंगर तुलनेने कोरडे असले, तरी नदीला पाणी पुरविणारा सह्याद्रीचा माथा एकेकाळी घनदाट सदाहरित व निमसदाहरित अरण्यांनी आच्छादलेला होता. या अरण्यांचे अवशेष आज भीमाशंकरच्या परिसरात व विखुरलेल्या देवरायांत आढळतात. हे अवशेष कोणी राखले, कशाच्या बळावर राखले, आणि जागतिक कार्बन बाजारातील पैसा त्या राखणदारांपर्यंत पोहोचू शकतो काय, या प्रश्नांचा ऐतिहासिक दृष्टिकोनातून विचार करणे हा प्रस्तुत निबंधाचा उद्देश आहे.

देवराई : लोकसंवर्धनाची परंपरा

काळकाई, वाघजाई, भैरव आदी ग्रामदेवतांच्या नावाने राखलेल्या वनास देवराई म्हणतात. तेथे कुऱ्हाड चालवू नये, हा संकेत पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेला. काही ठिकाणी वाळलेला पाचोळादेखील उचलला जात नसे. माधव गाडगीळ व वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा पद्धतशीर अभ्यास केला. श्रद्धेबरोबरच पाण्याचे झरे, औषधी वनस्पती आणि अडीअडचणीला लागणारे लाकूड यांचाही या व्यवस्थेला आधार होता, हे अशा अभ्यासांतून पुढे आले. देवराई ही म्हणूनच केवळ धार्मिक बाब नव्हती. ती गावाने स्वतःवर घालून घेतलेली शिस्त होती.

वसाहतकाळ आणि हक्कांचा ऱ्हास

१८६५ व १८७८ च्या वनकायद्यांनी आणि पुढे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने जंगलावरील अंतिम अधिकार शासनाकडे गेला. रेल्वेचे स्लीपर व जहाजबांधणी यांसाठी लाकूड हे महसुलाचे साधन ठरले. गावाची राखण करण्याची जबाबदारी परंपरेने उरली, परंतु तिला कायद्याचे पाठबळ राहिले नाही. स्वातंत्र्योत्तर काळातही ही चौकट दीर्घकाळ कायम होती. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा ग्रामसभेचा हक्क प्रथमच स्पष्टपणे मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर असा हक्क मिळाला, आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकारही ग्रामसभेकडे आला.

कार्बन क्रेडिटची संकल्पना

१९९७ च्या क्योटो करारातून कार्बन क्रेडिटचा व्यापार आकारास आला. मात्र त्यातील स्वच्छ विकास यंत्रणेत नव्या वनीकरणाला स्थान होते, उभे जंगल वाचविण्याला नव्हते. २००५ मध्ये पापुआ न्यू गिनी व कोस्टा रिका यांनी हा प्रश्न मांडला आणि २००७ च्या बाली परिषदेनंतर ‘रेड प्लस’ या नावाने जंगलतोड रोखण्याचा मोबदला देण्याची कल्पना पुढे आली.

भारतात या कल्पनेचा सर्वांत ठळक प्रयोग मेघालयातील खासी टेकड्यांत झाला. मॉफलांग परिसरातील पारंपरिक ‘हिमा’ म्हणजे खासी संस्थाने एकत्र येऊन त्यांनी स्वतःची संस्था स्थापन केली. २०१३ मध्ये या प्रकल्पास ‘प्लॅन विवो’ मानकाखाली मान्यता मिळाली. सुमारे २७ हजार हेक्टर क्षेत्रात वणवारेषा आखणे, सुधारित चुली देणे, चराई व सरपणाचा ताण कमी करणे आणि खुरटलेल्या जंगलास पुन्हा वाढू देणे ही कामे गावांनी केली. येथे जमिनीवरील हक्क मुळातच समाजाकडे होते. संविधानाच्या सहाव्या अनुसूचीने त्यांना संरक्षणही दिले होते. त्यामुळे क्रेडिट कोणाचे, हा वाद प्रारंभीच टळला.

महाराष्ट्रासंबंधी काही प्रश्न

महाराष्ट्रात ही अनुकूलता नाही. वनहक्क कायद्यात कार्बनचा उल्लेख नाही. त्यामुळे झाडांनी साठविलेल्या कार्बनवर ग्रामसभेचा हक्क कितपत, हे संदिग्ध राहते. दुसरी अडचण हिशेबाच्या पद्धतीतच आहे. क्रेडिट मिळण्यासाठी ‘अतिरिक्तता’ सिद्ध करावी लागते, म्हणजे प्रकल्प नसता तर जंगल नष्ट झाले असते किंवा वाढलेच नसते, असे दाखवावे लागते. ज्या गावाने देवराई शतकानुशतके अभंग राखली, त्याला हे दाखविता येत नाही. तोडणाऱ्याने थांबण्याचे ठरविले तर मोबदला, आणि न तोडणाऱ्याला काहीच नाही, असा हा विपर्यास आहे. कोकणातील खाजगी मालकीच्या जंगलांसाठी पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर परिसरात गावकऱ्यांशी केलेले संवर्धन करार या दृष्टीने उद्बोधक आहेत. कारण त्यांत उभे जंगल राखण्यालाच मूल्य दिलेले आहे.

देहू-चाकण परिसराचा अनुभव याच प्रश्नाची दुसरी बाजू दाखवितो. भामचंद्र डोंगराजवळ शिंदे-वासुली येथे डाऊ केमिकल्सच्या नियोजित संशोधन केंद्राला २००८ मध्ये ग्रामस्थ व वारकऱ्यांनी तीव्र विरोध केला; पुढे कंपनीने तो प्रकल्प सोडला. या आंदोलनामागे इंद्रायणीच्या पाण्याची चिंता आणि तुकोबांच्या डोंगराविषयीची श्रद्धा होती. कोणताही आर्थिक मोबदला त्यामागे नव्हता.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून असे दिसते की, लोकाधारित संवर्धन पैशामुळे जन्मास येत नाही. ते हक्क, गरज व श्रद्धा यांतून उभे राहते. पैसा त्याला टिकवू शकतो, परंतु हक्क आधी निश्चित झाले असतील तरच. २०२३ मध्ये भारत सरकारने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली आहे. या बाजारात सह्याद्रीतील गावांना न्याय्य स्थान मिळावयाचे असेल, तर ग्रामसभेचा कार्बनवरील हक्क स्पष्ट करणे आणि जुन्या राखणीचे मूल्य मोजण्याची पद्धत शोधणे अगत्याचे आहे. अन्यथा ज्यांनी जंगल राखले तेच या व्यवहारातून वगळले जातील, आणि वनकायद्यांच्या इतिहासातील अन्यायाची नव्या रूपात पुनरावृत्ती होईल.