माफी नाही, शिक्षा मान्य

सरकारी नोकरीत शिरलेल्या माणसाला कोर्टाची पायरी टळत नाही. खात्याची फाइल काखेत मारून आम्ही तारखांना जाऊ लागलो, तेव्हा आपल्या बडोद्याचे कोर्ट सुरसागराजवळच्या जुन्या न्यायमंदिरात भरत असे. न्यायाधीश आले की उभे राहायचे, खुर्चीपुढे मान लववायची, पुकारा होईपर्यंत कुजबुजायचेही नाही, हे तिथेच अंगवळणी पडले.

पुढे एकदा कोर्टाच्या हुकमाची अंमलबजावणी आमच्या कार्यालयाकडून वेळेत झाली नाही आणि साहेबांवर अवमानाची नोटीस निघाली. बिनशर्त माफीचे सोगंदनामे (आपण घरी प्रतिज्ञापत्र म्हणतो) आम्हीच टाइप केले. चूक आमचीच होती, म्हणून माफी योग्यच होती. पण चूक वाटत नसेल तर माणसाने काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून मनात राहिला.

गणपतीच्या अंकात टिळकांचे नाव आधी येणारच. २२ जुलै १९०८ च्या रात्री मुंबई हायकोर्टात ज्यूरीने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांना दोषी ठरवले. समोर बसलेले न्यायमूर्ती दावर हे १८९७ च्या खटल्यात टिळकांच्याच जामिनासाठी उभे राहिलेले वकील! टिळकांनी आवाज चढवला नाही. ज्यूरीचा निर्णय काहीही असो, आपण निर्दोष आहोत आणि या न्यायालयाहून वरची शक्ती आहे, एवढेच सांगून ते थांबले. सहा वर्षे काळे पाणी झाले. १९५६ साली त्याच हायकोर्टाने ते शब्द संगमरवरात कोरून लावले. या खटल्यावर ‘मराठा’ पत्रात लिहिल्याबद्दल न. चिं. केळकरांना मात्र अवमानासाठी १४ दिवसांची कैद आणि १००० रुपये दंड झाला.

आमच्या प्रश्नाचे खरे उत्तर पुढच्या प्रकरणात आहे. १९१९ मध्ये अहमदाबादच्या काही वकिलांनी रौलट कायद्याविरुद्ध सत्याग्रहाची प्रतिज्ञा घेतली. जिल्हा न्यायाधीश केनेडी यांनी त्यांच्याविरुद्ध हायकोर्टाला पत्र लिहिले. गांधीजींनी ते पत्र ‘यंग इंडिया’त टीकेसह छापले, तेही वकिलांचे प्रकरण हायकोर्टापुढे चालू असताना. अहमदाबाद तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणून संपादक गांधी आणि प्रकाशक महादेवभाई देसाई यांच्यावर मुंबईत अवमानाची कारवाई झाली. माफीचा मसुदा कोर्टाकडूनच सुचवला गेला होता. सही केली की सुटका! गांधीजींनी सही केली नाही. पत्रकार म्हणून आपण कर्तव्य केले, पुन्हा तसा प्रसंग आला तर तसेच करू, मग मनात नसलेला पश्चात्ताप कागदावर कसा लिहू, असे त्यांचे म्हणणे. मात्र कोर्ट देईल ती शिक्षा नम्रपणे भोगू, हेही त्यांनी त्याच दमात सांगितले. मार्च १९२० मध्ये कोर्टाने त्यांना दोषी धरले आणि कडक समज देऊन सोडले. आम्हांला वाटते, खोटी माफी दिली असती तर तो कोर्टाचा जास्त मोठा अपमान झाला असता.

दोनच वर्षांनी, १८ मार्च १९२२ रोजी, अहमदाबादच्या शाहीबागेतील सर्किट हाउसमध्ये गांधीजी राजद्रोहासाठी न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यापुढे उभे राहिले. गुन्हा कबूल करून त्यांनी कडक शिक्षा मागितली. तुमच्यासारख्या माणसाचा न्याय आजवर कधी केला नाही, असे ब्रूमफील्ड म्हणाले. टिळकांच्या खटल्याचा दाखला देऊन त्यांनी तितकीच, म्हणजे सहा वर्षांची शिक्षा दिली आणि सरकारने ती पुढे कमी केली तर सर्वांत जास्त आनंद आपल्यालाच होईल, असेही सांगितले. गांधीजींनी टिळकांच्या नावाशी आपले नाव जोडले जाणे हा सन्मान मानला आणि याहून अधिक सौजन्याची अपेक्षा करता आली नसती, असे म्हणून कोर्टाचे आभार मानले. मग ते तुरुंगाकडे निघाले.