डिचोलीचे बिशप

सर्वणहून जुन्या गोव्याच्या फेस्तास निघालेल्या माणसास आज वाटेत सरहद्द लागत नाही. सतराव्या शतकात ती होती. मांडवीतील बेटांवर पोर्तुगीजांची सत्ता, तर डिचोलीचा मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत. ह्या सरहद्दीच्या आश्रयाने एका गोमंतकीय बिशपांनी डिचोलीत ठाणे मांडले होते. त्यांचे नाव मातेउस दि कास्त्रू.

त्यांची कथा समजण्यास ‘पाद्रोआदो’ म्हणजे काय, हे ध्यानात घेतले पाहिजे. पोपांनी पोर्तुगालच्या राजास पूर्वेकडील ख्रिस्तसभेचे पालकत्व दिले होते. राजाने चर्चे उभारावीत, धर्मगुरूंचा खर्च सोसावा आणि त्याच्या मोबदल्यात बिशपपदासाठी नावे सुचवावीत, असा हा करार. वेदीस सिंहासनाचा आधार मिळाला खरा. पण वेदीपाशी कोणी उभे राहावे, हेही मग सिंहासनच ठरवू लागले.

मातेउस दिवाडी बेटावरचे, ब्राह्मण ख्रिस्ती कुळातले. गोव्याच्या आर्चबिशपांनी त्यांना गुरुदीक्षा नाकारली. तेव्हा ते थेट रोमला गेले. तेथे 1622 साली ‘प्रोपागांदा फीदे’ ही संस्था स्थापन झाली होती आणि धर्मप्रसाराची सूत्रे राजांच्या हातून सोडवून घेण्याचा तिचा प्रयत्न चालला होता. रोमने त्यांना दीक्षा दिली व 1637 साली बिशपपदावर चढविले. पुढे विजापूर राज्याचे धर्माधिकारी म्हणून ते डिचोलीस राहिले. तेथे त्यांनी चर्च बांधले, एतद्देशीय तरुणांस दीक्षा दिली. गोव्यातील अधिकाऱ्यांनी मात्र त्यांचा अधिकार मानला नाही.

येथपर्यंत आपली सहानुभूती त्यांच्याकडेच जाते. परंतु इतिहास इतका सोपा नसतो. 1653 साली डिचोलीहून त्यांनी ‘ब्राह्मणांचा आरसा’ हे पत्रक लिहिले. न्यायाची मागणी खरी. पण ती एका जातीच्या नावाने. पुढच्याच वर्षी आदिलशाही फौजा बारदेश व साष्टीत शिरल्या आणि ही चिथावणी मातेउस ह्यांचीच, असा आरोप पोर्तुगीजांनी ठेवला. ज्यांना राजसत्तेने धर्मकार्यात अडविले, ते दुसऱ्या राजसत्तेच्या छायेत गेले आणि तिच्या वैराचे वाटेकरी ठरले. अखेरीस ते रोमला परतले. तेथेच त्यांचा अंत झाला.

पाद्रोआदो पुढेही तीन शतके रेंगाळला. भारतातील बिशपांच्या नेमणुकीतील आपला हक्क पोर्तुगालने 1950 साली सोडला. त्याच वर्षी व्हॅलेरियन ग्रेशस हे मुंबईचे आर्चबिशप झाले. पुढे 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्वच्छ सांगितले की, ख्रिस्तसभा कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेली नाही.

ह्याचा अर्थ ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक अन्यायापुढे मुके राहावे, असा नव्हे. मातेउस बोलले, हा त्यांचा दोष नव्हता. सत्तेचा आसरा घेताना तिचे मोल काय पडेल, एवढे मात्र प्रत्येक पिढीने आधी विचारून घ्यावे.